बीड रस्त्यावरचा ट्रक आणि विमान अपघाताची कारणमीमांसा

(लोणी भापकर, ता. बारामती येथे दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



मल्लिकार्जुनाच्या मंदिरासाठी, त्याच्या पुष्करणीसाठी आणि यज्ञवराहाच्या मूर्तीसाठी ज्या गावी अभ्यासक येतात, त्या गावात विमान अपघातावर बोलावयाचे म्हणजे काहींना नवल वाटेल. परंतु विषय तुम्हीच सुचविला आहे आणि त्यामागचे कारण मला समजते. विमानाचा आवाज या परिसराला परका नाही. बारामतीच्या धावपट्टीवर तरुण मुले-मुली वैमानिक होण्याचे शिक्षण घेतात. ऑक्टोबर २०२३ मध्ये चार दिवसांच्या आत प्रशिक्षणाची दोन विमाने याच तालुक्यात कोसळली, हे आपल्यापैकी कित्येकांनी शेताच्या बांधावरून पाहिले असेल. त्यानंतर १२ जून २०२५ रोजी अहमदाबाद घडले. त्या विमानातील कर्मचाऱ्यांमध्ये डोंबिवलीचे, बदलापूरचे, पनवेलजवळच्या न्हाव्याचे, पिंपरी-चिंचवडचे असे आपल्या घरांतले तरुण होते. तेव्हापासून प्रत्येक घरात एकच प्रश्न विचारला गेला. विमान पडले का?

हा प्रश्न विचारण्याच्या दोन तऱ्हा आहेत. एक तऱ्हा ‘का पडले’ असे विचारते आणि दुसरी ‘कोणी पाडले’ असे. वरवर पाहता दोन्हींचा अर्थ एकच भासतो. प्रत्यक्षात दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मिळाले की मनुष्य समाधान पावतो आणि पहिला प्रश्न विसरतो. एखाद्याला शिक्षा झाली, एखादा निलंबित झाला, की प्रकरण मिटले असे आपल्याला वाटते. विमानशास्त्राने मात्र हे दोन प्रश्न फार पूर्वीच वेगळे केले. १९४४ सालच्या शिकागो करारावर आधारलेल्या आंतरराष्ट्रीय नियमावलीत तेरावे परिशिष्ट आहे. ते १९५१ साली स्वीकारले गेले. त्यात अपघाताच्या चौकशीचा हेतू एकच सांगितला आहे, तो म्हणजे तसा अपघात पुन्हा होऊ न देणे. दोष वा दायित्व ठरविणे हे त्या चौकशीचे कामच नाही. ते न्यायालयाने स्वतंत्रपणे करावे. भारत या कराराने बांधलेला आहे.

आज मी मुख्यतः आपल्या महाराष्ट्रातील एका अपघाताविषयी बोलणार आहे. दुर्दैवाने तो आपण जवळजवळ विसरलो आहोत. तत्पूर्वी उड्डाण म्हणजे नेमके काय, हे दोन शब्दांत सांगतो, कारण त्यावाचून पुढचे कळणार नाही.

विमान धावपट्टीवर धावू लागते तेव्हा वैमानिकाच्या मनात तीन वेग ठरलेले असतात. पहिला निर्णयाचा वेग. तो गाठेपर्यंत काही बिघडले तर विमान थांबविता येते. तो ओलांडला की थांबावयाचे नाही, उडावयाचेच, मग एक इंजिन बंद पडले तरी. कारण उरलेली धावपट्टी थांबण्यास पुरत नाही. दुसरा वेग म्हणजे नाक उचलण्याचा. त्या क्षणी वैमानिक विमानाचे नाक हळुवार, परंतु ठरलेल्या गतीने वर घेतो. तिसरा वेग म्हणजे एका इंजिनावरही सुरक्षितपणे चढता येईल असा. हे तिन्ही आकडे रोज नव्याने काढावे लागतात, कारण ते विमानाच्या वजनावर, वाऱ्यावर, तापमानावर आणि विमानतळाच्या उंचीवर अवलंबून असतात.

तापमानाचे येथे काय काम, असे कोणी विचारील. हवा तापली की विरळ होते. विरळ हवेत पंखांना उचल कमी मिळते आणि इंजिनाचा जोरही घटतो. छत्रपती संभाजीनगरचा विमानतळ समुद्रसपाटीपासून सुमारे १९०० फूट उंचीवर आहे. समजा, एप्रिलमध्ये तेथे पारा ४० अंशांवर असेल, तर मुंबईच्या किनाऱ्यावरील थंड हवेच्या मानाने तेथील हवा सुमारे १४ टक्क्यांनी विरळ भरते. हा हिशेब शाळेतला भौतिकशास्त्राचा शिक्षकही फळ्यावर करून दाखवील. अशा हवेत तेच विमान, तेवढेच वजन घेऊन, धावपट्टीवर बरेच अधिक अंतर धावते. आपल्या जिरायती पट्ट्यातला बैल उन्हाळ्यात तीच गाडी ओढतो, पण धाप लवकर लागते, तसे काहीसे.

आता २६ एप्रिल १९९३ चा दिवस. इंडियन एअरलाइन्सचे बोइंग ७३७ जातीचे विमान दिल्लीहून जयपूर, उदयपूर असे थांबे घेत औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, आले होते. तेथून मुंबईस जावयाचे. विमानात प्रवासी ११२ आणि कर्मचारी ६, असे एकूण ११८ जण. दुपारी एकच्या सुमारास, ऐन उन्हात, जवळजवळ पूर्ण भाराने ते चिकलठाण्याच्या धावपट्टीवरून निघाले. तेव्हा त्या धावपट्टीची लांबी ६००० फूट होती. विमान जवळपास ती संपूर्ण धावपट्टी वापरून, अगदी शेवटास जमीन सोडून वर आले.

धावपट्टीच्या टोकापासून साधारण ४१० फुटांवरून बीडकडे जाणारा सार्वजनिक रस्ता होता. त्या क्षणी त्या रस्त्यावरून कापसाच्या दाबलेल्या गाठींनी भरलेला एक ट्रक उत्तरेकडून दक्षिणेकडे चालला होता. विमानाच्या डाव्या बाजूची चाके आणि डाव्या इंजिनाचा खालचा भाग त्या ट्रकवर आदळला. धडक जमिनीपासून सुमारे सात फूट उंचीवर झाली. जखमी विमान तसेच पुढे गेले आणि धावपट्टीपासून सुमारे ३ किलोमीटरवर विजेच्या उच्च दाबाच्या तारांना लागून शेतजमिनीवर कोसळले. ११८ पैकी ५५ जण मृत्युमुखी पडले, ६३ वाचले.

दुसऱ्या दिवशी लोक काय म्हणाले असतील, याची कल्पना आपण सहज करू शकतो. नशीब! काय तो योग! त्याच सेकंदाला तो ट्रक तेथे यावा! संस्कृतात यासाठी सुंदर शब्द आहे, काकतालीय. कावळा ताडावर बसावयास आणि फळ पडावयास एकच गाठ. थोडा हिशेब करून पाहू. उड्डाणाच्या वेळी विमानाचा वेग ताशी २६० किलोमीटर धरला तर ४१० फूट म्हणजे पावणेदोन सेकंद. ट्रकचा वेग ताशी ४० किलोमीटर धरला तर एका सेकंदात तो अकरा मीटर सरकतो, म्हणजे स्वतःच्या लांबीहून अधिक. ट्रक एक-दोन सेकंद आधी वा नंतर आला असता तर ते विमान त्याच्या पुढून वा मागून, रस्त्यावरच्या माणसांच्या डोक्यावरून घोंघावत गेले असते आणि मुंबईस उतरले असते. म्हणजे योगायोग होताच. नाकारण्यात अर्थ नाही.

परंतु चौकशी करणाऱ्यांनी योगायोग हे कारण म्हणून स्वीकारले नाही, आणि माझ्या मते त्या साऱ्या प्रकरणातील सर्वांत शिकण्यासारखी गोष्ट हीच आहे. त्यांनी दोन कारणे नमूद केली. पहिले कारण, वैमानिकांनी नाक उचलण्यास उशीर केला आणि ते उचलण्याची पद्धतही चुकीची होती. दुसरे कारण, उड्डाणांच्या वेळेत बीड रस्त्यावरील वाहतुकीचे नियमन करण्यात राष्ट्रीय विमानतळ प्राधिकरण अपयशी ठरले.

या दोन वाक्यांकडे थोडे थांबून पाहावे. आपल्या न्यायशास्त्रात अन्वय आणि व्यतिरेक अशी कारण पारखण्याची पद्धत आहे. ते असेल तेथे हे असते, हा अन्वय. ते नसेल तेथे हे नसते, हा व्यतिरेक. ही कसोटी लावा. वेळेवर आणि योग्य गतीने नाक उचलले असते तर? मी मघाशी सांगितले त्या वेगाने प्रत्येक सेकंदाच्या उशिरात सुमारे २३५ फूट धावपट्टी मागे पडते. वेळेवर उचललेले विमान त्या रस्त्यापर्यंत ट्रकच्या कितीतरी वर गेले असते. म्हणजे पहिले कारण खरे. रस्त्यावरची वाहने त्या अर्ध्या मिनिटापुरती थोपवून धरली असती तर? विमान खालून गेले असते, धोकादायक रीतीने गेले असते, पण गेले असते. म्हणजे दुसरे कारणही तितकेच खरे. दोहोंपैकी कोणतेही एक काढून घ्या, ५५ माणसे घरी पोहोचतात. आता उन्हाळा काढा. तापमान कमी असते तरी कदाचित भागले असते. पण उन्हाळ्याला अहवालात कारण म्हटलेले नाही, कारण उन्हाळा दरवर्षी येणार हे सर्वांना ठाऊक असते आणि त्याचा हिशेब करणे हेच तर शिक्षित माणसाचे काम.

मग ट्रक? ट्रक कारण का नाही? बीडचा तो रस्ता त्या दिवशी अवतरलेला नव्हता. त्यावरून रोज बैलगाड्या, एसटी, ट्रक जात होते. मराठवाड्यात कापूस पिकतो, त्याच्या गाठी बांधल्या जातात आणि त्या ट्रकनेच जातात. म्हणजे धावपट्टीच्या टोकाशी उंच भरलेले वाहन असण्याची शक्यता प्रत्येक उड्डाणाला होती. ती त्या दिवशी प्रत्यक्षात आली इतकेच. योगायोगाची वेळ अकल्पित असते, योगायोगाची शक्यता नव्हे. हा फरक ज्यांना कळतो ते रस्त्यावर फाटक लावतात. ज्यांना कळत नाही ते शांती करवून घेतात. (हशा) शांती जरूर करा, पण आधी फाटक लावा.

आणखी एक गोष्ट. त्या अहवालात ज्या प्राधिकरणावर बोट ठेवले गेले ते सरकारचेच होते. विमान कंपनीही सरकारचीच. त्या काळी चौकशीची यंत्रणाही सरकारनेच नेमलेली. तरीही अहवाल केवळ वैमानिकांवर येऊन थांबला नाही, ही त्याची जमेची बाजू मी मानतो. पुढे १ एप्रिल १९९५ पासून राष्ट्रीय आणि आंतरराष्ट्रीय अशी दोन्ही विमानतळ प्राधिकरणे एकत्र करून भारतीय विमानतळ प्राधिकरण स्थापन झाले. चिकलठाण्याची धावपट्टी वाढविण्यात आली. आज ती ९ हजार फुटांहून अधिक आहे. आज त्या विमानतळावर उतरणाऱ्या आणि वेरूळ-अजिंठ्याकडे जाणाऱ्या प्रवाशांपैकी किती जणांना त्या ५५ जणांची आठवण असेल, मला शंका आहे.

औरंगाबादला कारण धावपट्टीवर आणि रस्त्यावर होते. कधी ते धातूच्या पोटात दडलेले असते. १२ ऑक्टोबर १९७६ रोजी मुंबईच्या सांताक्रूझहून मद्रासला निघालेले इंडियन एअरलाइन्सचे कॅरावेल विमान उडाले आणि लगोलग त्याच्या उजव्या इंजिनात स्फोटासारखा बिघाड झाला. वैमानिकांनी विमान परत वळविले. परंतु आग पसरत होती. धावपट्टी समोर आली असताना विमानाची नियंत्रणेच गेली आणि ते खाली कोसळले. ८९ प्रवासी आणि ६ कर्मचारी, सर्व ९५ जण गेले. तपासात आढळले की इंजिनातील हवा दाबणाऱ्या यंत्रणेची दहावी चकती थकव्याच्या तड्याने फुटली होती. तिच्या तुकड्यांनी इंधनाची नळी तोडली, इंधन पेटले, आणि ज्या द्रवाच्या दाबावर विमानाची नियंत्रणे चालतात तो द्रवच आगीमुळे संपून गेला.

धातूला थकवा येतो, हे साखर कारखान्याच्या पट्ट्यातील लोकांना वेगळे सांगावयास नको. गाळपाच्या हंगामात चरकाचा शाफ्ट एक दिवस अचानक मोडतो. आदल्या दिवशी तो तितकाच भार वाहत होता. मोडलेला भाग नीट पाहिला तर मात्र तो ‘अचानक’ नव्हता हे दिसते. तुटलेल्या पृष्ठभागावर एका कडेपासून निघालेल्या बारीक वक्र रेषा असतात, भरती-ओहोटीने वाळूवर उमटाव्यात तशा. ती तड्याची दैनंदिनी असते. तडा कोठे जन्मला, किती काळ वाढत होता, शेवटी किती उरलेला धातू एकदम फाटला, हे सारे सूक्ष्मदर्शकाखाली वाचता येते. म्हणूनच अपघातस्थळी गेलेला तज्ज्ञ प्रथम काहीही उचलत नाही. आधी छायाचित्रे, मग मोजमाप, मग नकाशा. कोणता तुकडा कोठे पडला यावरून विमान हवेत फुटले की जमिनीवर, हे कळते. आपल्याकडे मदतीच्या भरात, बघ्यांच्या गर्दीत, आणि सांगावयास लाज वाटते परंतु कधीकधी लोभानेही, हे तुकडे जागचे हलतात. असे कधी आपल्या शिवारात घडलेच तर जखमींना बाहेर काढणे हे पहिले कर्तव्य. त्यानंतर मात्र दोर बांधून उभे राहावे, आणि एक खिळाही कोणास उचलू देऊ नये.

तिसरा प्रसंग १ जानेवारी १९७८ चा. एअर इंडियाचे ‘एम्परर अशोक’ हे जंबो विमान, त्या कंपनीचे पहिले ७४७, रात्री मुंबईहून दुबईकडे उडाले आणि १०१ सेकंदांत वांद्र्याच्या किनाऱ्यापासून सुमारे ३ किलोमीटरवर समुद्रात कोसळले. २१३ पैकी कोणी वाचले नाही. घातपाताची शंका तेव्हाही आली होती. समुद्रातून ब्लॅक बॉक्स काढले गेले, तेव्हा निराळेच चित्र पुढे आले. विमान किती कलले आहे हे दाखविणारे मुख्य वैमानिकासमोरचे उपकरण बिघडले होते. विमान सरळ असताना ते उजवीकडे कललेले दिसत होते. खाली काळा समुद्र, वर काळे आकाश, क्षितिज दिसण्याचा संभव नाही. वैमानिकाने त्या उपकरणावर विश्वास ठेवून विमान डावीकडे वळवीत नेले, ते शेवटी जवळजवळ उलथे होईपर्यंत. शेजारी इतर उपकरणे योग्य तेच दाखवीत होती.

येथे दोष कोणाचा? उपकरणाचा की माणसाचा? पुढे अमेरिकेत उत्पादक कंपन्यांविरुद्ध दावा चालला आणि १९८५ साली तो फेटाळला गेला. चौकशीचा निष्कर्ष असा की, उपकरण बिघडल्यानंतर इतर उपकरणांच्या आधारे विमान सावरता आले असते, ते झाले नाही. चरकसंहितेत प्रज्ञापराध अशी संकल्पना आहे. बुद्धी, धैर्य आणि स्मरण यांचा भ्रंश झाला की मनुष्य जे करतो ते. चरकाने हा शब्द रोगाच्या संदर्भात योजला, पण मला त्यातली दृष्टी फार मोलाची वाटते. त्यात मनुष्य दुष्ट आहे असे म्हटलेले नाही. त्याची बुद्धी त्या क्षणी घसरली, असे म्हटले आहे. अठरा हजार तास उडालेल्या माणसाची बुद्धी अर्ध्या मिनिटात का घसरते, हे विचारले की पुढचे काम सुरू होते. अशा प्रसंगाचा सराव करून घेणे, दोन उपकरणे परस्परविरोधी सांगू लागली तर तिसऱ्याकडे पाहण्याची सवय लावणे, सहवैमानिकाला वरिष्ठास मोठ्याने टोकण्याचे धैर्य देणे. शेवटची गोष्ट आपल्या समाजात सर्वांत कठीण. वडीलधाऱ्यांना टोकू नये हे आपण घरात शिकवितो. कॉकपिटमध्ये ते उलटे शिकवावे लागते.

ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ जेम्स रीझन यांनी अशा अपघातांसाठी एक रूपक वापरले आहे. ते छिद्रांच्या चीजचे आहे. आपण चाळणी म्हणू. एकामागे एक चार-पाच चाळण्या धरा. प्रत्येकीला भोके आहेतच, पण एकीची भोके दुसरीच्या भोकांसमोर येत नाहीत, म्हणून पलीकडचा उजेड दिसत नाही. ज्या दिवशी सगळी भोके एका रेषेत येतात त्या दिवशी अपघात होतो. औरंगाबादला भार, उन्हाळा, आखूड धावपट्टी, उशिरा उचललेले नाक, मोकळा रस्ता आणि कापसाचा ट्रक, सारी भोके एका ओळीत आली.

आता अहमदाबाद. येथे मी फार सावधपणे बोलणार आहे, आणि फक्त प्राथमिक अहवालापुरते बोलणार आहे. १२ जून २०२५ रोजी लंडनला निघालेले एअर इंडियाचे बोइंग ७८७ विमान उड्डाणानंतर सुमारे ३२ सेकंदांत वैद्यकीय महाविद्यालयाच्या वसतिगृहाच्या परिसरावर कोसळले. विमानातील २४२ पैकी एकच प्रवासी वाचला. जमिनीवरील १९ जण गेले. एकूण मृत्यू २६०. महिन्याच्या आत, नियमाप्रमाणे, विमान अपघात तपास विभागाने प्राथमिक अहवाल प्रसिद्ध केला. त्यानुसार विमानाने जमीन सोडल्यावर काही सेकंदांतच दोन्ही इंजिनांचे इंधन चालू-बंद करणारे खटके, एका सेकंदाच्या अंतराने, ‘चालू’वरून ‘बंद’ स्थितीत गेल्याची नोंद आहे. सुमारे दहा सेकंदांनंतर ते पुन्हा ‘चालू’ झाल्याचीही नोंद आहे. इंजिने पुन्हा पेटू लागली होती, पण उंचीच नव्हती. ध्वनिमुद्रणात एक वैमानिक दुसऱ्यास विचारतो की इंधन का तोडलेस, आणि दुसरा सांगतो की मी तोडले नाही. कोणता आवाज कोणाचा, हे अहवालात दिलेले नाही.

बंधूंनो, या दोन वाक्यांवर देशात आणि परदेशात काय काय रचले गेले ते आपण पाहिले. पहिल्या संध्याकाळी वाहिन्यांवर पक्षी धडकला होता. (अहवालात विमानाच्या मार्गात पक्ष्यांची लक्षणीय हालचाल आढळली नाही असे आहे.) मग फ्लॅप उघडले नव्हते. (ते उड्डाणासाठी योग्य स्थितीत सापडले.) मग इंधनात भेसळ होती. (तपासलेले नमुने समाधानकारक निघाले.) हे सारे खोटे ठरल्यावर एका मृत माणसाचे मन चिरण्यास सुरुवात झाली. ज्याला उत्तर देता येत नाही त्याच्यावर आरोप करणे सर्वांत सोपे. मुंबईच्या पवईत राहणाऱ्या त्या मुख्य वैमानिकाच्या नव्वदी ओलांडलेल्या पित्याला सर्वोच्च न्यायालयाचे दार ठोठवावे लागले, आणि प्राथमिक अहवालात वैमानिकावर ठपका ठेवलेला नाही, हे नोव्हेंबर २०२५ मध्ये न्यायालयाला सांगावे लागले. मुलाच्या चितेनंतर पाच महिन्यांनी.

मी असे म्हणत नाही की वैमानिकाची चूक असूच शकत नाही. मी सांगितलेल्या तीनपैकी दोन प्रसंगांत ती होती आणि ती स्पष्ट शब्दांत नोंदली गेली. मी एवढेच म्हणतो की खटक्याची नोंद आणि खटका हलविणारा हात, या दोन गोष्टी एक नव्हेत. त्याच अहवालात आणखी एक मजकूर आहे, तो किती जणांनी वाचला? त्या खटक्यांना चुकून हलू नयेत म्हणून असलेली अडकण सैल असू शकते, अशी सूचना अमेरिकेच्या विमान नियामकाने २०१८ साली दिली होती. ती सक्तीची नव्हती, आणि त्यानुसार तपासणी केली गेली नव्हती. यावरून तेच कारण होते असे सिद्ध होत नाही. पण अन्वय-व्यतिरेक लावणाऱ्याने हेही ताटात घ्यावे लागते. वैमानिक, यंत्र, विद्युत यंत्रणा, देखभाल, प्रत्येक वाट शेवटपर्यंत चालून पाहावी लागते, आणि चुकीच्या वाटा कागदोपत्री बंद कराव्या लागतात. त्याला वेळ लागतो. अंतिम अहवालासाठी आंतरराष्ट्रीय नियमाने बारा महिन्यांची अपेक्षा ठेवली आहे ती उगाच नव्हे.

जमेची गोष्ट ही की ब्लॅक बॉक्समधील माहिती आपण दिल्लीतील आपल्याच प्रयोगशाळेत काढली. मागच्या भागातील पेटी इतकी जळाली होती की तिच्यातून नेहमीच्या रीतीने काही निघेना. पुढच्या पेटीतून ४९ तासांची उड्डाणमाहिती आणि दोन तासांचा आवाज मिळाला. पूर्वी अशा पेट्या परदेशी पाठवाव्या लागत. न्यूनही सांगितले पाहिजे. २०१२ साली स्थापन झालेला हा तपास विभाग नियामकापासून वेगळा असला, तरी तो त्याच नागरी विमान वाहतूक मंत्रालयाच्या छत्राखाली आहे. विमानतळ प्राधिकरणही त्याच मंत्रालयाचे, नियामकही त्याच मंत्रालयाचा. उद्या बीड रस्त्यासारखे कारण निघाले तर आपल्याच घरातील भावंडावर बोट ठेवावे लागेल. १९९३ च्या चौकशीने ते धैर्य दाखविले. प्रत्येक वेळी ते व्यक्तींच्या धैर्यावर सोपवावे का? हा विभाग संसदेला उत्तरदायी असा स्वतंत्र असावा, असे माझे स्पष्ट मत आहे. सरकार कोणत्या पक्षाचे यावर हे मत बदलू नये.

(व्याख्यानानंतर झालेल्या प्रश्नोत्तरांतील काही भाग)

ब्लॅक बॉक्स काळा का नसतो?

तो नारिंगी असतो, ढिगाऱ्यात चटकन दिसावा म्हणून. तो कल्पिणारे डेव्हिड वॉरन ऑस्ट्रेलियाचे. १९३४ साली त्यांचे वडील विमान अपघातात गेले, तेव्हा ते लहान होते. १९५० च्या दशकात त्यांनी कॉकपिटमधील आवाज टिपणारे यंत्र सुचविले. आरंभी त्यांच्याच देशात त्याला फारसे कोणी विचारले नाही.

विमानतळाजवळ राहणाऱ्या आम्हा सामान्य माणसांचा याच्याशी काय संबंध?

पुष्कळ आहे. धावपट्टीच्या दोन्ही टोकांकडील उंचीला मर्यादा असते. विहिरीवरचा मनोरा, टॉवर, मजला चढविण्यापूर्वी परवानगी लागते. उघड्यावर टाकलेले मांस आणि कचरा घारी आणतो, आणि घार इंजिनात गेली तर काय होते ते सांगावयास नको. रात्री उतरणाऱ्या विमानाकडे लेझरचा झोत टाकणारे उत्साही तरुण गणेशोत्सवात असतात. मंडळांनी ते आपल्या पातळीवरच थांबवावे. आणि औरंगाबादचा रस्ता लक्षात ठेवून विचारा की आपल्या धावपट्टीच्या टोकाशी काय आहे. ग्रामसभेत हा प्रश्न विचारण्यास कोणाची हरकत नाही.

तुम्ही सर्व कारणे सांगितलीत. पण त्या कापसाच्या ट्रकचालकाचा दोष किती धरावयाचा?

तो सार्वजनिक रस्त्यावरून, आपल्या मार्गाने, माल घेऊन चालला होता. विमान येत आहे, थांब, असे त्याला सांगणे दुसऱ्या कोणाचे तरी काम होते. अहवालाने दिलेल्या दोन्ही कारणांत तो नाही.